पट्टकृमी आणि फेफरे : एका जुन्या नात्याची उशिरा पटलेली ओळख

आपल्या घरांतून दोन दुखण्यांविषयी दोन निरनिराळ्या आवाजांत बोलले जाते. मुलाला जंत झाले असे आई शेजारणीला मोकळेपणाने सांगते, त्यावर हसणेही होते. पण घरात कुणाला फेफरे येत असेल तर तो शब्द उंबरठ्याबाहेर पडत नाही. सोयरीक जुळवताना तो दडवला जातो आणि पुढे उघडकीस आला की संसार मोडण्यास तेवढे कारण पुरते. एक दुखणे पोटाचे, दुसरे मस्तकाचे. एक हसण्यावारी नेण्याचे, दुसरे घराण्याला बट्टा लावणारे. या दोहोंचा काही संबंध असेल असे आपल्या आजोबा-पणजोबांना स्वप्नातही वाटले नसते. आपल्या देशात अपस्माराची जी अनेक कारणे आहेत त्यांपैकी एक मोठे कारण मात्र जंताच्याच कुळातील एका प्राण्यात, पट्टकृमीत, आहे. हे नाते माणसाला कसे उमगले, आणि ते उमगायला उशीर झाल्यामुळे कोणाकोणाला त्याची किंमत मोजावी लागली, याचा धांडोळा प्रस्तुत लेखात घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा इतिहास वाचताना आमच्या डोळ्यांसमोर वाशीम जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा वऱ्हाडातील लहानसा जिल्हा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. असा वैभवाचा वारसा असलेला हा जिल्हा २०१८ साली मात्र केंद्र शासनाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतातील आपली थोडीबहुत कुटुंबे या भागात राहतात. शेती, विहीर, नाला, आठवडी बाजार आणि दूर असलेला तज्ज्ञ डॉक्टर, असे जेथे जेथे आहे तेथे तेथे पट्टकृमीचा हा इतिहास केवळ पुस्तकातला राहत नाही.

प्राचीनांना कृमी ठाऊक होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत. त्यांच्यावरील उपाय तीन पायऱ्यांचा आहे : अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितीत ते पोसतात ती मोडणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारणच टाळणे. अपस्माराचा विचार याच संहितेत आहे, परंतु तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणपरंपरेने. ग्रीसमध्येही असेच होते. कसायाने डुकराची जीभ ओढून तिच्यावर गाठी आहेत का हे पाहण्याची रीत ॲरिस्टोफेनिसच्या नाटकातही डोकावते. मांसातील त्या पांढुरक्या पाणीदार पिशव्या लोक पाहत होते, पोटातून पडणाऱ्या चपट्या फितीही पाहत होते. मात्र पिशवी आणि फीत एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत, हे दोन हजार वर्षांहून अधिक काळ कुणाला कळले नाही.

ते कळले १८५५ साली, जर्मनीतील फ्रीड्रिख क्यूखेनमाइस्टर या डॉक्टरमुळे. त्यांनी देहदंड झालेल्या एका कैद्याला, शिक्षेच्या आधी थोडे दिवस, डुकराच्या मांसातील त्या पिशव्या अन्नातून खाऊ घातल्या. मृत्यूनंतर त्याचे आतडे तपासले तेव्हा तेथे कोवळे पट्टकृमी चिकटलेले आढळले. शोध खरा ठरला. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा असा वापर त्या काळीही टीकेस पात्र ठरला होता, आणि आज तर तो कोणत्याही न्यायाने मान्य होणार नाही. ज्ञानाच्या इतिहासातील ही पहिली किंमत एका बंदिवानाने मोजली.

येथे या प्राण्याचा प्रवास नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे गैरसमज येथेच जन्मतात. माणसाच्या आतड्यात राहणारे दोन मुख्य पट्टकृमी आहेत. एक गुरांच्या मांसातून येणारा, दुसरा डुकराच्या मांसातून येणारा. दुसऱ्याचे शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. तो दोन ते सात मीटर लांब वाढतो. त्याचे शरीर सुमारे हजार चपट्या खंडांचे असते आणि पिकलेल्या एकेका खंडात पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात. हे खंड व अंडी माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरील ती घाण डुकराने खाल्ली की अंड्यांतून निघालेले सूक्ष्म जीव त्याच्या आतड्याची भिंत भेदून रक्तातून स्नायूंत जातात आणि तेथे वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले की माणसाच्या पोटात पुन्हा पट्टकृमी वाढतो. म्हणजे डुकराला हा रोग माणसाकडूनच मिळतो. त्या मुक्या जनावराला दोष देण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

हा झाला पहिला रस्ता. दुसरा रस्ता अधिक घातक. पट्टकृमीची अंडी जर डुकराऐवजी माणसाच्याच तोंडात गेली, न धुतलेल्या हातांवाटे, दूषित पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे, तर माणसाच्या शरीरात तेच घडते जे डुकराच्या शरीरात घडते. पिशव्या स्नायूंत होतात, त्वचेखाली होतात, डोळ्यांत होतात आणि मेंदूतही होतात. मेंदूतील पिशवी बरेचदा कित्येक वर्षे गप्प असते. पुढे ती मरू लागली की तिच्याभोवती सूज येते आणि एके दिवशी, वरकरणी धडधाकट असलेल्या माणसाला झटका येतो. गुरांच्या पट्टकृमीच्या अंड्यांपासून माणसाच्या शरीरात अशा पिशव्या होत नाहीत. तात्पर्य हे की मांस खाऊन पोटात कृमी होतो आणि अंडी गिळून मेंदूत गाठ होते. मेंदूत गाठ होण्यासाठी मांस खाल्लेलेच असले पाहिजे असे मुळीच नाही.

हिंदुस्थानातील नोंदी एकोणिसाव्या शतकापासून मिळतात. पिशव्या असलेले गोमांस खाल्ल्याने माणसास पट्टकृमी होतो हे ऑलिव्हर नावाच्या डॉक्टरांनी १८६९-७० च्या सुमारास याच देशात पाहिले. १८८८ साली मद्रासेत आर्मस्ट्राँग यांनी झटके येऊन मरण पावलेल्या एका मजुराची हकीकत नोंदवली. त्याच्या शरीरात याच गाठी होत्या. परंतु या रोगाचा मोठा अभ्यास झाला तो आपल्या माणसांवर नव्हे, तर इंग्रज शिपायांवर. १९३० च्या दशकात ब्रिटिश लष्करी वैद्यकातील विल्यम मॅकआर्थर यांच्या ध्यानात आले की हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या, पूर्वी कधीही आजारी नसलेल्या तरुण शिपायांना अपस्मार जडतो आहे. हीच तपासणी पुढे नेऊन डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ साली ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. संसर्ग झाल्यापासून पहिला झटका येईपर्यंत सरासरी पाच वर्षांच्या आसपास काळ गेलेला होता, काहींच्या बाबतीत तो तीस वर्षांपर्यंत लांबला होता. या शिपायांपैकी बहुतेक हिंदुस्थानात राहिलेले होते. शिपायांची गणती झाली, कारण सरकारला त्यांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब ठेवावा लागे. त्यांच्या छावण्यांभोवतीच्या खेड्यांत जी माणसे त्याच झटक्यांनी पडत होती, त्यांची गणती कोण करणार? त्यांच्या घरी मांत्रिक आला, कांदा आला, चपलेचा वास आला. निदान आले नाही.

या आजाराचे सर्वांत विदारक चित्र दिसले ते न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, जो आज इंडोनेशियात आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील पनियाई सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशातील एकारी लोकांकडे बाली बेटावरील डुकरे भेट म्हणून पोहोचली. त्यांच्यासोबत पट्टकृमीही आला. थोड्याच वर्षांत एनारोतालीच्या रुग्णालयात खोल भाजलेल्या माणसांची रीघ लागली. थंड डोंगरांत हे लोक झोपडीतील शेकोटीजवळ झोपत. रात्री झटका आला की माणूस बेशुद्धावस्थेत विस्तवात पडे. इतकी माणसे एकाएकी का भाजतात या प्रश्नाचा माग काढत डॉक्टर डुकरांपर्यंत आणि पट्टकृमीपर्यंत पोहोचले. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील मुलगा आपल्या वाचकांना आठवेल. तोही वारंवार विस्तवात आणि पाण्यात पडत असे. त्या मुलाचा आजार कोणत्या कारणाचा होता हे सांगणे आमचे काम नव्हे. पण त्याचा बाप त्याला लपवून ठेवत नाही, भर गर्दीत घेऊन येतो, ही गोष्ट आपल्या घरांनी मनात धरावी अशी आहे.

आता आपल्या देशाकडे परत येऊ. १९७० च्या दशकात सी. टी. स्कॅन यंत्र आले आणि जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावणे शक्य झाले. झटके येणाऱ्या भारतीय रुग्णांच्या चित्रांत वारंवार एकच लहानशी गोल गाठ दिसू लागली. क्षयरोग आपल्या देशात घरोघर माहीत असलेला. साहजिकच अनेक डॉक्टरांनी ती मेंदूतील क्षयाची गाठ मानली. रुग्णांना महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली गेली. पुन्हा चित्र काढले तर गाठ नाहीशी झालेली असे, आणि औषध लागू पडले असे सर्वांना वाटे. पण काही ठिकाणी क्षयाचे औषध न देताही गाठ नाहीशी होत होती. मग ती गाठ होती तरी कशाची?

या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून आले. आयडा स्कडर यांनी १९०० साली सुरू केलेल्या छोट्या दवाखान्यातून वाढलेली ही संस्था. तेथील मॅथ्यू चांडी, वेदान्तम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत क्षयाचे जंतू नव्हे, तर पट्टकृमीच्या पिशवीचे अवशेष मिळाले. हा निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मरू घातलेली पिशवी आपोआपच विरते, म्हणून ती औषधाविनाही नाहीशी होत असे. या एका शोधाने अनेक रुग्णांना अनावश्यक औषधांतून आणि ‘क्षय मस्तकात गेला’ या धास्तीतून सोडवले.

तरीही समाजाचा एक समज मागे उरला : ‘डुकराचे मांस खाणाऱ्यांना हा रोग होतो.’ आपल्यातील अनेक घरांत नाताळला किंवा लग्नकार्याला हे मांस शिजते, त्यामुळे हा टोमणा आपल्याला अनोळखी नाही. त्याचे उत्तर न्यूयॉर्कहून मिळते. तेथील सनातनी ज्यू कुटुंबांत, जी धर्मनियमाने डुकराचे मांस घरातही आणत नाहीत, अशा चार व्यक्तींच्या मेंदूत पट्टकृमीच्या पिशव्या आढळल्या. हा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांतून आलेल्या, त्यांच्या घरी काम करणाऱ्या काही व्यक्तींच्या पोटात पट्टकृमी होता आणि अंडी अन्नातून पोहोचली होती, असा तपासाचा निष्कर्ष होता. कामकऱ्यांनाही आपल्या पोटात काय आहे याची कल्पना नव्हती, कारण पट्टकृमीचा बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. आपल्या देशातही आयुष्यभर शाकाहारी असलेल्यांना हा आजार होतो. म्हणून कुणाच्या ताटावर बोट ठेवून हा रोग समजत नाही. तो हातांचा, पाण्याचा आणि शौचाचा रोग आहे.

कलंकाची गोष्ट निघाली म्हणून कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. १९७६ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे नाव घातले गेले. असा आजार असलेल्या व्यक्तीचा विवाह त्यामुळे न्यायालयात रद्द ठरू शकत होता. विशेष विवाह कायदा आपल्यातील मिश्रविवाह करणाऱ्यांनाही लागू होतो. १९९९ सालच्या विवाह कायदे दुरुस्तीने अपस्मार हा शब्द त्या कलमांतून वगळला. कायद्याच्या पुस्तकातून तो शब्द गेला. सोयरिकीच्या बैठकीतून तो जाण्यास अजून अवकाश आहे असे खेदाने म्हणावे लागते.

आता निदानाविषयी. शौचातून तांदळाच्या पापडीसारखे पांढरे चपटे तुकडे पडत असतील तर ते लाजेने टाकून न देता डॉक्टरांना दाखवावेत. शौचाची तपासणी एकदा निर्दोष आली तरी ती वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करावी लागते, कारण अंडी रोज पडतातच असे नाही. शिवाय दोन्ही पट्टकृमींची अंडी दिसायला सारखीच असल्याने कृमी कोणता हे ठरवण्यास त्याचा खंड किंवा विशेष चाचणी लागते. मेंदूतील गाठीसाठी सी. टी. स्कॅन व एम. आर. आय., आणि जोडीला काही वेळा रक्ताची चाचणी. मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका आला असेल तर तपासणी टाळू नये. पोटातील पट्टकृमी प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड या औषधांनी जातो. मेंदूतील गाठीवर मात्र जंताचे औषध स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये, कारण पिशव्या एकदम मेल्या तर सूज वाढून जिवावर बेतू शकते. शाळेत २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना जरूर द्यावी. ती मुख्यतः मातीतून येणाऱ्या गोल जंतांसाठी आहे, तेवढ्याने पट्टकृमीची चिंता मिटली असे मात्र समजू नये.

ज्याला झटके येतात त्याच्यापासून ते दुसऱ्याला लागत नाहीत, हे ठासून सांगितले पाहिजे. त्याच्या ताटवाटीला वेगळे करण्याचे काही कारण नाही. उलट घरातील धडधाकट माणसाच्या पोटात पट्टकृमी असू शकतो, म्हणून अशा वेळी सर्व कुटुंबाची तपासणी करणे शहाणपणाचे. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक व धारदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा, पाणी किंवा कांदा काहीही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

प्रतिबंधाचा विचार करताना चरकांच्या तीन पायऱ्या आजही अपुऱ्या वाटत नाहीत. कृमी बाहेर काढणे हे डॉक्टरांचे काम झाले. मूळ कारण टाळणे हे स्वयंपाकघराचे. मांसाचा अखंड तुकडा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसपर्यंत आणि खिमा ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे. साध्या भाषेत, आत गुलाबीपणा उरता कामा नये. कोथिंबीर, मुळा, गाजर, पातीचा कांदा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा. शौचानंतर आणि स्वयंपाकाला बसण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, विशेषतः जो दहाजणांसाठी रांधतो त्याने. डुकरे पाळणाऱ्यांनी ती मोकाट न सोडता कोंडवाड्यात ठेवावीत. डुकरांसाठी आता लसही आहे. ऑस्ट्रेलियातील मार्शल लाइटोलर्स यांच्या संशोधनातून ती निर्माण झाली आणि तिचे उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीने केले.

राहिली मधली पायरी, परिस्थिती मोडण्याची. हे काम एकट्या घराचे नाही, गावाचे आहे. ते कसे करावे हे सांगण्यासाठी वऱ्हाडाला बाहेरून कुणी यावे लागले नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालू राहिला. त्यांच्या नावाने २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यांच्याच नावाच्या अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात वाशीम जिल्हा येतो. शौचालय बांधणे आणि घरातील प्रत्येकाने ते रोज वापरणे, यात पट्टकृमीची साखळी तुटते. माणसाची घाण उघड्यावर पडली नाही तर डुकराला रोग होत नाही, डुकराला झाला नाही तर माणसाच्या पोटात येत नाही, आणि पोटात नसेल तर कुणा शेजाऱ्याच्या मुलाच्या मेंदूत जात नाही. शेजारधर्माचा इतका रोखठोक पुरावा दुसरा मिळणे कठीण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा रोग जेथे मूळ धरून आहे तेथे अपस्माराच्या सुमारे तीस टक्के प्रकरणांमागे पट्टकृमी असतो. म्हणजे टाळता येण्याजोगा अपस्मार. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. निदानासाठी नागपूर-अकोल्याकडे धावणाऱ्या गरिबांना त्यातून हळूहळू आधार मिळेल अशी आशा आहे. परंतु रुग्णालय कितीही जवळ आले तरी रुग्णाला तेथे नेणारे घर पाहिजे. इतिहासाने दाखवलेला उशीर काही अंशी यंत्रांच्या अभावाचा होता. बाकीचा लपवाछपवीचा होता. यंत्रे आता आहेत. आपल्या धर्मग्रामांतून, महिला मंडळांतून, विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांतून या आजाराचे नाव स्पष्ट उच्चारले जावे, आणि ज्या घरी तो आहे त्या घरी आपण नेहमीसारखेच जेवायला बसावे, एवढी विनंती आम्ही आमच्या वाचकांना करतो.